बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ: नावांची यादी बाजूला ठेवली तर तिथे काय आहे?

प्रश्न

मोसमकाठ:

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी यंदा चित्रकलेची पदवी पूर्ण करीत आहे. गेल्या दोन वर्षांत तिला चित्रे काढण्याइतकीच चित्रांविषयी वाचण्याची आणि लिहिण्याची ओढ लागली असून, पुढचे शिक्षण कलेच्या इतिहासात आणि तेही बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातच घ्यायचे, असे तिने मनाशी पक्के केले आहे. मी स्वतः सहकारी बँकेत नोकरी करून निवृत्त झालो. विद्यापीठाशी माझा संबंध आला तो परीक्षा, निकाल आणि पदवीचा कागद एवढ्यापुरताच. त्यामुळे तिला हो म्हणण्यापूर्वी जाणकारांना विचारावे, असे वाटले.

बडोदे आम्हाला परके नाही. आमच्याच मालेगाव तालुक्यातील कवळाणे हे सयाजीराव महाराजांचे जन्मगाव. तिथल्या गायकवाडांच्या घरातला गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि पुढे त्याने आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ही हकीकत आमच्याकडे घराघरांत सांगितली जाते. पण महाराजांविषयीचा आदर ही एक गोष्ट झाली आणि त्यांच्या नावाच्या विद्यापीठात आज मुलीला पाठवणे ही दुसरी.

जिथे जिथे चौकशी केली तिथे तिथे मला मोठमोठ्या नावांची यादीच ऐकायला मिळाली: योगी अरविंद, विनोबा भावे, दादासाहेब फाळके, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, नोबेल पारितोषिकाचे मानकरी वेंकी रामकृष्णन आणि कितीतरी चित्रकार. ही सगळी माणसे खरोखरच या विद्यापीठाची आहेत का? असतील, तर त्यांच्या घडण्यात विद्यापीठाचा वाटा किती? आणि ही यादी बाजूला ठेवली तर तिथे शिकणाऱ्याच्या हाती काय लागते, परिसर कसा आहे आणि महाराष्ट्रातून एकटी जाणारी मुलगी तिथे रमेल का, हे ज्यांनी ते विद्यापीठ आतून पाहिले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १

दांडियाबाजार:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका तारखेत आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ ३० एप्रिल १९४९ रोजी स्थापन झाले आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानाने जाता जाता मागे ठेवलेली ही शेवटची मोठी गोष्ट. त्यामुळे १९४९ पूर्वीची जी नावे तुम्ही ऐकलीत ती विद्यापीठाची नसून, ज्या संस्थांमधून विद्यापीठ उभे राहिले त्या संस्थांची किंवा नुसतीच संस्थानाची आहेत.

बडोदे कॉलेज १८८१ चे आणि मुंबई विद्यापीठाला जोडलेले. अरविंद घोष १८९३ मध्ये इंग्लंडहून परतले ते संस्थानाच्या नोकरीत, आणि पुढे ते या कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. कन्हैयालाल मुनशी हे त्यांचे विद्यार्थी. विनोबा याच कॉलेजात शिकत होते, परंतु १९१६ च्या मार्च महिन्यात इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले असताना ते सुरतेला उतरले आणि त्यांनी काशीची वाट धरली. फाळके कलाभवनात शिकले. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये सुरू झालेली ही कलाकौशल्याची शाळा आज विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झाली आहे. बाबासाहेब मात्र बडोद्यात कोणत्याही वर्गात बसले नाहीत. कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी १९१३ मध्ये सयाजीरावांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली हे खरे, आणि १९१७ मध्ये संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यासाठी ते आले तेव्हा याच शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही, हेही तितकेच खरे. बडोदेकराने पहिली गोष्ट सांगताना दुसरी गाळू नये, असे मी मानतो.

आता परिसराविषयी. पुण्यामुंबईकडच्या माणसाच्या मनात विद्यापीठ म्हटले की एक मोठे फाटक, कुंपणाची भिंत आणि आत झाडी असे चित्र असते. बडोद्यात तसे नाही. विद्यापीठ शहरभर विखुरलेले आहे. रेल्वे स्थानकातून बाहेर पडून सयाजीगंजात आलात की कला शाखेचा प्रचंड घुमट समोर दिसतो. ही जुन्या बडोदे कॉलेजची इमारत. रॉबर्ट चिझम या वास्तुकाराने तिचा आराखडा केला आणि घुमटासाठी विजापूरचा गोलघुमट डोळ्यांसमोर ठेवला. जवळच विज्ञान शाखा आहे, प्रतापगंजाच्या बाजूला हंसा मेहता ग्रंथालय आणि वसतिगृहे आहेत, कमाटीबागेसमोर पुष्पबागेत चित्र-शिल्पवाल्यांची फाईन आर्ट्स आहे, संगीत-नृत्य-नाट्याची शाखा जुन्या शहरात सूरसागर तलावाजवळ, आणि कलाभवन राजवाड्याच्या वाटेवर. मधून विश्वामित्री नदी वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. भर वस्तीतून वाहणाऱ्या नदीत मगरींनी टिकून राहावे, याचे अप्रूप प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अजूनही वाटते. मी दांडिया बाजारातल्या मराठी वस्तीत वाढलो आणि १९७८ ते १९८३ या काळात भौतिकशास्त्र शिकलो. सकाळी सायकलवर घरून निघून प्रयोगशाळेत जायचे, दुपारी घुमटाखालच्या गारव्यात वाचत बसायचे आणि संध्याकाळी संगीत शाखेवरून परत येताना आतला तबला ऐकत उभे राहायचे, हा माझा पाच वर्षांचा क्रम होता. एकाच शहरातल्या माणसाला एकाच दिवसात एवढ्या विद्यांचे दर्शन घडवणारी दुसरी जागा मी पाहिली नाही.

रामकृष्णन यांच्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमचा ‘विद्यापीठाचा वाटा किती’ हा प्रश्न त्यांच्या बाबतीत फार चांगला लागू पडतो. त्यांचा जन्म तमिळनाडूतल्या चिदंबरमचा, परंतु ते तीन वर्षांचे असल्यापासून बडोद्यात वाढले. वडील सी. व्ही. रामकृष्णन यांनी इथला जीवरसायनशास्त्राचा विभाग उभा केला. आई राजलक्ष्मी यांनी मानसशास्त्रातील डॉक्टरेट मिळवलेली असूनही पुढे पोषणविषयक संशोधनाला वाहून घेतले आणि गरीब घरांना परवडेल अशा स्थानिक धान्य-भाज्यांतून मुलांना पुरेसे पोषण कसे मिळेल, या प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केले. मुलाला बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेला होता. पण राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शिष्यवृत्ती मिळाल्यावर त्याने तो सोडला आणि तो भौतिकशास्त्राकडे वळला. त्या सुमारास इथल्या विभागाने पदवीचा अभ्यासक्रम नव्याने आखला होता आणि त्यात बर्कलीची भौतिकशास्त्राची पाठ्यपुस्तके आणली होती. १९७१ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले, तिथे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवल्यावर पुन्हा पहिल्या पायरीपासून जीवशास्त्र शिकले, आणि २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना टॉमस स्टाइट्झ व अदा योनाथ यांच्यासह पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी मिळाले. ते संशोधन केंब्रिजचे आहे, बडोद्याचे नाही, हे स्वच्छपणे मान्य करावे. परंतु एकोणीस वर्षांच्या मुलाला जगातल्या कोणत्याही विद्यापीठात टिकेल असा पाया बडोद्यातल्या प्राध्यापकांनी घालून दिला, आणि तोही आजच्या मानाने साध्या सामग्रीवर, हे श्रेय त्यांचेच. त्यांची बहीण ललिता रामकृष्णन यांनी बडोद्याच्याच वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. क्षयरोगावरच्या त्यांच्या संशोधनामुळे त्याही पुढे रॉयल सोसायटीच्या सदस्य झाल्या.

आणखी एक नाव तुमच्या यादीत नाही, आणि माझ्या मते ते सर्वांत आधी यायला हवे. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. मुले-मुली एकत्र शिकतात अशा भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांच्या जागी ‘सर्व मानव’ असे शब्द यावेत, हा आग्रह त्यांचा होता. त्यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच ललितकला, गृहविज्ञान आणि समाजकार्य या विद्याशाखा निघाल्या. त्या काळी इतर बहुतेक ठिकाणी या विषयांना विद्यापीठाच्या दारात उभे करीत नसत.

उत्तर २

पोथीवाचक:

दांडियाबाजार यांनी सर्व शाखा फिरवून आणल्या, पण प्राच्यविद्या मंदिराचा, म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या हस्तलिखितांच्या संशोधनसंस्थेचा, उल्लेख राहिला. माझा तर या विद्यापीठाशी संबंध आला तो तेवढ्यापुरताच. पुण्याला संस्कृतचा अभ्यास करीत असताना एका हस्तलिखितासाठी मी पहिल्यांदा बडोद्याला गेलो आणि त्यानंतर पंधरा वर्षे जात राहिलो.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेत झाली हे मराठी वाचकाला ठाऊक असते. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती बडोद्यात, याच प्राच्यविद्या मंदिरात, झाली, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. काम १९५१ मध्ये सुरू झाले, बालकांडाचा खंड १९६० मध्ये बाहेर पडला आणि सातवे, उत्तरकांड, १९७५ मध्ये. वेगवेगळ्या लिप्यांतली, वेगवेगळ्या प्रांतांतली हस्तलिखिते मिळवायची, श्लोकाश्लोकाचे पाठ ताडून पाहायचे, कोणता पाठ जुना आणि कोणता मागाहून शिरला याचा निर्णय करायचा आणि ज्या पाठांना स्थान मिळाले नाही तेही तळटीपेत प्रामाणिकपणे नोंदवायचे. अशी चोवीस वर्षे. सात कांडांपैकी अयोध्याकांड आणि युद्धकांड ही दोन मोठी कांडे परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केली. भांडारकर संस्थेतील हरिवंशाचे संपादनही त्यांचेच. अमेरिकेत रॉबर्ट गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रामायणाचे जे संपूर्ण इंग्रजी भाषांतर केले त्याचा आधार बडोद्याची हीच आवृत्ती आहे. माझ्या दृष्टीने विद्यापीठाची कमाई म्हणतात ती ही. तिच्यासाठी कोणी हारतुरे दिले नाहीत, पण यापुढे रामायणाविषयी जबाबदारीने लिहू इच्छिणारा जगातला कोणताही माणूस तिला वळसा घालून जाऊ शकत नाही.

तुमच्या मुलीच्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. गायकवाड प्राच्य ग्रंथमाला १९१६ मध्ये राजशेखराच्या काव्यमीमांसेने सुरू झाली. तिच्यात भोजाचा समरांगणसूत्रधार निघाला, अपराजितपृच्छा निघाली, अभिनवगुप्ताच्या टीकेसह भरताचे नाट्यशास्त्र निघाले, आणि कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याचा मानसोल्लास गो. कृ. श्रीगोंदेकर यांच्या संपादनाने तीन खंडांत निघाला. चित्र, शिल्प, वास्तू आणि रस यांविषयी जुन्या भारतीय परंपरेने काय विचार केला होता, हे ज्याला मूळ ग्रंथांतून पाहायचे आहे त्याच्या वाचनातली अर्धी पुस्तके याच एका मालेत आहेत. ज्या शहरातून ती प्रसिद्ध झाली तिथेच, चालत जाण्याच्या अंतरावर, कलेचा इतिहास शिकायला मिळणे ही मोठी सोय आहे. तिने संस्कृतचे जुजबी ज्ञान जरी करून घेतले, तरी तिला याचा फार उपयोग होईल.

पुरातत्त्व विभागाकडेही तिने जावे. साठच्या दशकाच्या आरंभी या विभागाने शामळाजीजवळ देवनी मोरी इथे उत्खनन करून बौद्ध स्तूप आणि विहार उजेडात आणले; स्तूपात सापडलेल्या दगडी करंडकावरील लेखात आतील अवशेष बुद्धाचे असल्याचे म्हटले आहे. ते स्थळ आता मेश्वो नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. उत्खनन वेळेवर झाले नसते तर आपल्याकडे काहीच उरले नसते. तिथल्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती पाहताना मला दर वेळी हेच आठवते.

उत्तर ३

कृष्णाकाठचा मास्तर:

मी इंग्रजी शिकवतो, म्हणून एकाच गोष्टीची भर घालतो. भोरला जन्मलेले गणेश देवी यांनी १९८० ते १९९६ अशी सोळा वर्षे याच विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात अध्यापन केले आणि नंतर प्राध्यापकपद सोडून ते आदिवासींच्या भाषांच्या कामाकडे वळले. बडोद्यात त्यांनी भाषा संशोधन केंद्र काढले, तेजगढला आदिवासी अकादमी उभी केली आणि २०१० पासून भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण हाती घेतले, ज्यात महाराष्ट्राच्या भाषांचाही स्वतंत्र खंड आहे. इंग्रजीच्या वर्गात शिकवता शिकवता एखाद्याला राठवी-भिली या आदिवासी भाषांची हाक ऐकू यावी, याला शहराच्या पूर्वेला पसरलेला आदिवासी मुलूख जितका कारण, तितकाच तो विभागही कारण असला पाहिजे. मुलीला सांगा, सुटीच्या दिवशी तेजगढला जाऊन राठवा आदिवासींची पिठोऱ्याची भित्तिचित्रे अवश्य पाहा. कलेतिहासाचा तोही एक वर्गच आहे.

उत्तर ४

शाई आणि दगड:

मोसमकाठ काका, मी फाईन आर्ट्सची विद्यार्थिनी. १९८६ ते १९९१ या काळात तिथे मुद्राचित्रण, म्हणजे दगडावरून किंवा पत्र्यावरून चित्रांचे ठसे घेण्याची कला, शिकले, आणि तुमच्या मुलीसारखीच महाराष्ट्रातून एकटी गेले होते. त्यामुळे जे लिहिते ते तिच्यासाठी मनापासून लिहिते.

ही विद्याशाखा १९५० ची. त्या काळी आपल्याकडे चित्रकला शिकवायची म्हणजे हुबेहूब रेखाटनाचा हात तयार करून घ्यायचा, अशीच बहुतेक समजूत होती. बडोद्याने पहिल्यापासून वेगळा रस्ता धरला: चित्रकार होणाऱ्याने कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र शिकलेच पाहिजे, आणि इतिहास शिकणाऱ्याने चित्र कसे बनते हे शेजारच्या वर्गात जाऊन पाहिलेच पाहिजे. नारायण श्रीधर बेंद्रे हे इंदूरचे मराठी चित्रकार. ते इथे १९६६ पर्यंत होते आणि आधी चित्रकला विभागाचे प्रमुख, मग अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखेचे प्रमुख, झाले. शंखो चौधुरी आणि के. जी. सुब्रमण्यन शांतिनिकेतनातून आले. म्हणजे एकीकडे बेंद्र्यांची रंगाची आणि आधुनिक युरोपीय चित्राची जाण, दुसरीकडे शांतिनिकेतनातल्या नंदलाल बोस आणि रामकिंकर बैज यांच्या छायेतली लोककलेविषयीची आस्था. या दोन प्रवाहांतून ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, हिंमत शाह, रतन परिमू, मृणालिनी मुखर्जी असे परस्परांसारखे अजिबात न दिसणारे कलावंत घडले. एकाच शाळेतून निघालेल्यांची चित्रे एकमेकांसारखी दिसत नाहीत, ही मला त्या शाळेची सर्वांत मोठी खूण वाटते. सुब्रमण्यन यांनी विणकर, कुंभार, खेळणी करणारे कारागीर यांच्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वळवले. साठच्या दशकापासून भरणारा फाईन आर्ट्सचा मेळा त्यातूनच आला. शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसून खेळणी, बाहुल्या, भांडी करीत आणि शहरातली मंडळी ती हौसेने विकत घेऊन जात.

तुम्ही बँकेत होतात म्हणून मुद्दाम एक सांगते. भूपेन खख्खर मुंबईचे चार्टर्ड अकाउंटंट होते. १९६२ मध्ये ते बडोद्याला आले ते कलासमीक्षा शिकायला, म्हणजे जवळपास तुमच्या मुलीच्याच विषयासाठी. त्यानंतर कितीतरी वर्षे त्यांनी दिवसा हिशेब तपासले आणि उरलेल्या वेळात चित्रे काढली: घड्याळ दुरुस्त करणारा, न्हावी, शिंपी अशी साधी माणसे. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. मी शिकत होते तेव्हा नसरीन मोहमदी शिकवीत असत, १९९० मध्ये त्या वारल्या तोपर्यंत. त्यांची बारीक, शिस्तशीर रेषांची चित्रे आज जगभर दाखवली जातात. तेव्हा ती पाहायला आम्हाला कुठे जावे लागत नव्हते.

शिकताना खरोखर हाती काय लागते, असे तुम्ही विचारले आहे. मला लागली ती पाहण्याची सवय. लिथोग्राफीच्या दगडावर एक चित्र उतरवायला दोन-दोन दिवस लागत. दगड घासायचा, ग्रीसच्या खडूने रेखाटायचे, गोंद आणि आम्लाचा हात द्यायचा, मग रोलर. मधल्या वेळात कलेतिहासाची मुले येऊन बसत आणि वाद घालत: हे असेच का, ही आडवी रेषा इथे का थांबली, मोगल चित्रात अशा वेळी काय करतात. त्या मुलांच्या प्रश्नांनी माझा हात जितका सुधारला तितका कोणत्याही गुणपत्रिकेने सुधारला नाही. तुमची मुलगी दुसऱ्या बाजूने या संवादात येईल. चित्रकलेची पदवी घेऊन ती येत असल्यामुळे दगड आणि रंग तिला परके नाहीत, आणि कलेतिहासाला अशाच विद्यार्थ्यांची गरज असते. त्याच विद्याशाखेत १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, समोर कमाटीबागेत बडोदे संग्रहालय आहे, आणि तिथे अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आहेत, ज्यांचा अभ्यास उमाकांत शाह यांनी केला. वर्गात पाहिलेल्या छायाचित्रावरून उठून दहा मिनिटांत मूळ वस्तूसमोर उभे राहता येते.

एक गोष्ट लपवणार नाही. मे २००७ मध्ये वार्षिक परीक्षेसाठी विभागाच्या आवारात मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या चित्रांवर बाहेरच्या लोकांनी आक्षेप घेतला, त्या विद्यार्थ्याला अटक झाली, आणि भारतीय परंपरेतल्या शृंगारचित्रांचे विद्यार्थ्यांनी मांडलेले प्रदर्शन बंद करायला नकार देणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना विद्यापीठाने निलंबित केले. ते कलेतिहासाचेच प्राध्यापक होते. देशभरातून आम्ही माजी विद्यार्थी त्या वेळी व्यथित झालो होतो, आणि ती जखम अजून पूर्ण भरलेली नाही. परीक्षेसाठी काढलेले चित्र हे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातले काम असते. त्याचा निवाडा वर्गातच व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. तुमच्या मुलीला हा इतिहास माहीत असावा. तो माहीत असूनही मी तिला जा असेच सांगेन.

मोसमकाठ:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि इतके तपशिलात लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. सगळी उत्तरे मुलीला वाचून दाखवली. मानसोल्लासाचे नाव तिला ठाऊक होते. तो बडोद्याहून प्रसिद्ध झाला हे ठाऊक नव्हते. शाईताईंनी २००७ विषयी जे लिहिले ते वाचून घरात थोडी शांतता झाली, पण मग तीच म्हणाली की, जिथे चित्रावरून एवढे घडले तिथेच चित्रांचा इतिहास शिकायला हवा. यावर मला काही बोलता आले नाही.

दोन शंका उरल्या आहेत. विद्यापीठाचा कारभार अलीकडे बदलला आहे असे वाचले, त्याचा शिकणाऱ्यांवर काय परिणाम होतो? आणि तिला गुजराती अजिबात येत नाही.

दांडियाबाजार:

पहिल्या शंकेविषयी. १९४९ पासून बडोद्याच्या विद्यापीठाला स्वतःचा स्वतंत्र कायदा होता. २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने तो संपवून इतर सरकारी विद्यापीठांबरोबर यालाही एकाच चौकटीत आणले, आणि निवडणुकीने येणाऱ्या सिनेट व सिंडिकेटच्या जागी व्यवस्थापन मंडळ आले. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना याचे वाईट वाटते, कारण विद्यापीठाच्या निर्णयांत पदवीधरांना जो आवाज होता तो गेला. रोजच्या शिकवण्यात याचा फरक विद्यार्थ्याला लगेच जाणवणार नाही. विभागात नियमित शिक्षक किती आणि तात्पुरते किती, हे मात्र तिने प्रत्यक्ष जाऊन विचारावे. कोणत्याही सरकारी विद्यापीठात प्रवेश घेताना हा प्रश्न विचारायलाच हवा.

भाषेची काळजी करू नका. शिक्षण इंग्रजीत होते, आणि फाईन आर्ट्समध्ये केरळ, बंगालपासून सगळीकडची मुले येत असल्यामुळे आवारात हिंदीच अधिक चालते. गुजराती सहा महिन्यांत कानावर बसते. मराठी बोलावीशी वाटली तर दांडिया बाजार आणि रावपुऱ्यात आजही गणपतीच्या दिवसांत घरोघर आरत्या ऐकू येतात. तुम्ही धुळे, नवापूर, सुरत या मार्गाने आलात तर सकाळी निघून संध्याकाळपर्यंत पोहोचाल. प्रवेशपरीक्षेच्या आधी एकदा दोघेही या, विभाग उघडा असेल असा दिवस निवडा, आणि येण्यापूर्वी इथे कळवा. पुष्पबागेपर्यंत मी तुमच्याबरोबर येईन.